ओहमचा नियम शोधणारा शाळामास्तर : जॉर्ज सायमन ओहम



नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा पाठ आला की आपण फळ्यावर एक त्रिकोण काढतो. वर विभवांतर, खाली एका बाजूला विद्युतधारा, दुसऱ्या बाजूला रोध. जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं, उरेल ते सूत्र. मुलं पाच मिनिटांत शिकतात आणि उदाहरणंही बरोबर सोडवतात. पण त्याच मुलाला विचारून बघा, की तुमच्या आखाड्यावरची मोटार दरवर्षी का जळते? व्होल्टेज कमी असलं की हिटरचं पाणी लवकर का तापत नाही? बहुतेक मुलं गप्प बसतात. सूत्र पाठ झालेलं असतं, पण ते आपल्याच घरातल्या तारेबद्दल आहे हे पोचलेलं नसतं.

म्हणून आज त्या सूत्रामागच्या माणसाची गोष्ट सांगतो. वर्गात पाठ सुरू करण्याआधी ती मुलांना जरूर सांगा. हा माणूस आपल्यासारखाच शाळेत शिकवणारा होता. त्याचं पहिलं उत्तर चुकलं होतं, आणि ते चुकलेलं उत्तर त्याने छापलंही होतं. चुकण्याचं कारण तर आपल्या परभणी जिल्ह्यात कुणालाही समजेल असं आहे : त्याला मिळणारं व्होल्टेज एका जागी टिकत नव्हतं.

कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या बव्हेरिया भागात, एरलांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग कुलपं बनवण्याचा धंदा करत. आई शिंप्याची मुलगी. घरात सात मुलं जन्मली, त्यातली तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

पालकहो, इथे थोडं थांबून त्या वडिलांकडे बघा. त्यांचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. पण त्यांनी स्वतःच पुस्तकं आणून गणित आणि विज्ञान शिकून घेतलं, आणि मग दोन्ही मुलांना घरी शिकवलं. एरलांगेनच्या विद्यापीठातले लांग्सडोर्फ नावाचे प्राध्यापक या मुलांची परीक्षा घ्यायला आले, तेव्हा त्यांना या भावांमध्ये बर्नुली या प्रसिद्ध गणिती घराण्याची आठवण झाली. जॉर्जचा धाकटा भाऊ मार्टिन पुढे खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला. घरात पदवी नसली तरी अभ्यासाचं वातावरण असू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पण म्हणून जॉर्ज लहानपणापासून शहाण्यासारखा वागला, असं काही समजू नका! १८०५ मध्ये तो विद्यापीठात गेला आणि नाच, बर्फावरचं स्केटिंग, बिलियर्ड यातच रमला. वडिलांना हे मुळीच पटलं नाही. आपल्याला मिळाली नाही ती संधी पोरगा वाया घालवतोय, हे त्यांना सहन झालं नाही. तीन सत्रांनंतर त्याचं शिक्षण थांबलं आणि १८०६ मध्ये त्याला स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला जावं लागलं. वय होतं सतरा.

शिक्षकाची वणवण

तिथे मात्र तो बदलला. शिकवता शिकवता स्वतःचा अभ्यास करू लागला. पुढे १८११ मध्ये एरलांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली. थोडे दिवस विद्यापीठात शिकवलं, पण त्या मिळकतीत पोट भरेना. १८१३ मध्ये बांबेर्ग गावच्या एका शाळेत नोकरी मिळाली. ती शाळाही फारशी बरी नव्हती आणि १८१६ मध्ये ती बंदच झाली. मग त्याच गावातल्या दुसऱ्या, आधीच मुलांनी भरलेल्या शाळेत गणिताला मदत करायला त्याला पाठवलं.

समायोजनाची गोष्ट वाटते ना ही? शाळा बंद, शिक्षक दुसरीकडे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी हे अनुभवलंय.

या काळात त्याने भूमितीचं एक पुस्तक लिहिलं होतं. भूमिती मुलांना कशी शिकवावी, याबद्दल त्याची स्वतःची मतं होती. त्या लेखनाची एक प्रत त्याने प्रशियाच्या राजाकडे पाठवली आणि त्यातून १८१७ मध्ये कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली. या शाळेत एक गोष्ट होती, जी आधीच्या कुठल्याच शाळेत नव्हती : चांगली प्रयोगशाळा.

पहिलं उत्तर चुकलं

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. ओहमला यात मोजण्याचं साधन दिसलं. सूची जितकी जोरात ढकलली जाते, तितकी विद्युतधारा जास्त. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन धारा किती कमी होते ते मोजायचं आणि नियम शोधायचा. शाळेचे तास सांभाळून तो हे काम करत होता.

अडचण होती ती विजेची. त्या काळच्या बॅटऱ्या म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि आम्लाचं पाणी. तार जोडली की आधी एकदम जोर यायचा आणि मग तो पडत जायचा. म्हणजे पहिली तार एका व्होल्टेजवर मोजली जायची, दुसरी वेगळ्या, तिसरी आणखी वेगळ्या. आता सांगा, रब्बीच्या दिवसांत एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्यावर शेवटच्या शेतातलं व्होल्टेज कसं होतं? तशाच विजेवर कुणी नियम शोधायला बसला, तर उत्तर काय येणार!

१८२५ मध्ये ओहमने आपला पहिला निबंध छापला. त्यात त्याने तारेची लांबी आणि धारेची घट यांचं नातं लॉगरिदम वापरून मांडलं होतं. ते सूत्र चुकीचं होतं.

पण तो तिथे थांबला नाही. त्याचे निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचे संपादक पोगेंडोर्फ यांनी त्याला सुचवलं, की बॅटरी सोडा आणि उष्णतेवर चालणारी जोडणी वापरा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे करून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, तर त्या तारेत वीज वाहते, हे झेबेक यांनी नुकतंच शोधलं होतं. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळत्या पाण्याचं आणि वितळत्या बर्फाचं तापमान बदलत नाही, म्हणून विभवांतरही बदलत नाही. व्होल्टेज टिकलं!

आठ तारा

जानेवारी १८२६ मध्ये ओहमने सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांच्या लांब्या तिथल्या तेव्हाच्या इंचांत अशा होत्या : २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३०. प्रत्येक संख्येतून २ वजा करून बघा, पहिली सोडून बाकी सगळीकडे दुप्पट होत जाणारी माळ मिळते. हे मुलांकडूनच काढून घ्या, त्यांना मजा येते.

चुंबकसूची एका बारीक धातूच्या पट्टीला टांगलेली होती. धारा वाहिली की सूची वळायची. मग वरून पट्टीला पीळ देऊन तिला मूळ जागी आणायचं. किती पीळ द्यावा लागला, तेच धारेचं माप. कुलपं बनवणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलाला असली नाजूक यंत्रं जमली, यात मला नवल वाटत नाही.

एका दिवशीची त्याची मापं साधारण अशी आली : ३२६.७५, ३००.७५, २७७.७५, २३८.२५, १९०.७५, १३४.५, ८३.२५ आणि ४८.५. या आकड्यांना बसेल असं सूत्र त्याला सापडलं : तारेच्या लांबीत २०.२५ मिळवा आणि त्या बेरजेने ७२८५ ला भागा, धारेचं माप मिळतं.

चला, पडताळून बघू. १८ इंचांची तार घ्या. १८ + २०.२५ = ३८.२५. ७२८५ ÷ ३८.२५ = १९०.४६. ओहमने मोजलं होतं १९०.७५. आता १३० इंचांची तार : ७२८५ ÷ १५०.२५ = ४८.४९. मोजलेलं ४८.५. किती जवळ! पण १० इंचांच्या तारेला सूत्र २४०.८ देतं आणि माप आलं २३८.२५. म्हणजे त्याच्याही मापात थोडी चूक होतीच, आणि त्याने ती लपवली नाही.

यातला ७२८५ हा आकडा विजेच्या जोराचा, म्हणजे आजच्या भाषेत विभवांतराचा. २०.२५ म्हणजे बाकीच्या जोडणीचा रोध, तारेच्या इंचांत सांगितलेला. आणि लांबी म्हणजे जोडलेल्या तारेचा रोध. थोडक्यात, जोराला एकूण रोधाने भागलं की धारा मिळते. आपला त्रिकोण तो हाच.

पुस्तक आलं, नोकरी गेली

१८२६ मध्ये ओहमने शाळेकडून वर्षभराची सुटी मागितली आणि ती अर्ध्या पगारावर मिळाली. तो बर्लिनला भावाकडे गेला आणि लिहायला बसला. १८२७ मध्ये विद्युत परिपथाचं गणित मांडणारं त्याचं पुस्तक निघालं. फ्रान्सच्या फूरिये यांनी उष्णता कशी वाहते याचं गणित मांडलं होतं. तापमानातल्या फरकामुळे उष्णता वाहते, तशी विभवांतरामुळे वीज वाहते, असा ओहमचा विचार होता.

त्याला वाटलं, आता विद्यापीठात जागा मिळेल. झालं उलटंच. तेव्हाच्या अनेक जर्मन विद्वानांना भौतिकशास्त्रात इतकं गणित रुचत नव्हतं. बर्लिनमधून पुस्तकावर कडक टीका झाली. बऱ्याच जणांनी तर दखलच घेतली नाही. १८२८ मध्ये ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये गणिताचे तुटपुंजे तास घेऊन काढली. वय चाळिशीचं, हातात बरोबर उत्तर, आणि ऐकणारं कुणी नाही.

इंग्लंडच्या कॅव्हेंडिश यांनी हेच नातं त्याच्याही आधी, अठराव्या शतकात ओळखलं होतं. मोजायला साधन नव्हतं म्हणून ते स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्यावरून अंदाज घेत. पण त्यांनी ते छापलंच नाही, आणि १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणं प्रसिद्ध केली तेव्हा जगाला कळलं. नियमाला नाव ओहमचं मिळालं, कारण त्याने मोजलं, चुकलं ते दुरुस्त केलं आणि सगळ्यांसमोर मांडलं.

उशिरा आलेला मान

१८३३ मध्ये ओहमला न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकाची जागा मिळाली. हळूहळू इतर देशांतल्या शास्त्रज्ञांना त्याच्या नियमाचा उपयोग कळू लागला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं आणि पुढच्या वर्षी आपला परदेशी सभासद करून घेतलं. म्युनिकच्या विद्यापीठातलं भौतिकशास्त्राचं पद मिळायला मात्र १८५२ साल उजाडलं. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्याचं निधन झालं.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला 'ओहम' हे नाव मान्य झालं. त्याच परिषदेने व्होल्ट आणि अँपिअर ही एककंही स्वीकारली.

मग शक्तीचं सूत्र कुणाचं?

हा प्रश्न हुशार मुलं हमखास विचारतात. रोध सांगितला ओहमने. तारेत उष्णता किती तयार होते, याचा नियम इंग्लंडच्या जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या घरचा धंदा बिअर बनवण्याचा. त्यांना दिसलं, की उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. एककाला मात्र वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉट यांचं नाव लागलं.

मुलांना दोनच वाक्यं द्या. विभवांतराला धारेने भागलं की रोध. विभवांतराला धारेने गुणलं की शक्ती. मापं दोन, उत्तरंही दोन. दोन सेलवरच्या बल्बला ३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर असतील, तर रोध १० ओहम आणि शक्ती ०.९ वॉट. झालं.

आता आपल्या घरी येऊ. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हिटर म्हणजे ८.७ अँपिअर धारा आणि सुमारे २६.४५ ओहम रोध. अर्धा तास चालला की एक युनिट. व्होल्टेज १८० वर आलं तर? कॉइलचा रोध तोच धरला तर शक्ती १८० × १८० ÷ २६.४५, म्हणजे सुमारे १२२५ वॉट. व्होल्टेज २२ टक्क्यांनी घटलं, पण शक्ती तब्बल ३९ टक्क्यांनी. पाणी का तापत नाही ते कळलं!

आता तारेची लांबी, म्हणजे ओहमचा मूळ प्रश्न. विहीर स्टार्टरपासून २०० मीटर लांब आहे आणि सिंगल फेज मोटार ७ अँपिअर घेते असं समजा. जायची आणि यायची मिळून तार ४०० मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला रोध साधारण २.७५ ओहम. म्हणजे ७ × २.७५ = सुमारे १९ व्होल्ट तारेतच गेले, आणि ७ × ७ × २.७५ = सुमारे १३५ वॉट नुसती तार तापवण्यात. तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर हेच आकडे १२ व्होल्ट आणि ८४ वॉटवर येतात. दुकानात जाड तार महाग वाटते, ती का घ्यावी याचं उत्तर नववीतलं पोरगं वडिलांना देऊ शकतं.

आणि मोटार का जळते? मोटार ही हिटरसारखी साधी कॉइल नाही, तिला पाणी उचलण्याचं काम करायचंच असतं. व्होल्टेज पडलं की तेच काम करायला ती जास्त धारा ओढते. धारा सव्वापट झाली की वायंडिंगमधली उष्णता १.२५ × १.२५, म्हणजे दीडपटीहून जास्त. तासभर असं चाललं की वास येतो, आणि मग रिवायंडिंगचा खर्च. म्हणूनच स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले बायपास करू नये.

याच कारणाने दूरवर वीज नेताना व्होल्टेज मोठं ठेवतात. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावरच्या जलविद्युत केंद्राची क्षमता २२.५ मेगावॉट आहे. थ्री फेजचा विचार बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर एवढी शक्ती २३० व्होल्टवर न्यायला ९७ हजारांहून जास्त अँपिअर लागतील. तीच १३२ किलोव्होल्टवर नेली तर सुमारे १७० अँपिअर. ज्यूलचा वर्ग लक्षात घ्या, म्हणजे तारेतलं नुकसान किती कमी झालं ते मुलं स्वतः काढतील.

वर्गात एवढं करून बघा

दोन टॉर्चचे सेल, एक छोटा बल्ब, नायक्रोमची थोडी तार आणि साधा मल्टिमीटर एवढं पुरतं. तारेची लांबी दुप्पट करत जा. प्रत्येक वेळी विभवांतर आणि धारा दोन्ही मोजायला लावा, कारण सेलचा जोरही उतरत जातो, ओहमच्या बॅटरीसारखाच. मग रोध आणि शक्ती काढू द्या. बल्ब थंड असताना मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला तर तो पेटलेल्या बल्बपेक्षा खूपच कमी येतो. मुलं गोंधळतील, गोंधळू द्या. नियमात 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' ही अट का घातली आहे, ते तेव्हाच कळतं. घरच्या विजेवर मात्र कुठलाही प्रयोग मुलांना करू देऊ नका, हे दोनदा बजावून सांगा.

आणि एखाद्या मुलाचं माप चुकलं, आलेख वाकडा आला, तर वहीवर लाल फुली मारण्याआधी थांबा. त्याला विचारा, तुझं व्होल्टेज टिकलं होतं का? १८२५ मध्ये चुकलेल्या त्या शाळामास्तराला हाच प्रश्न सुचवणारा एक संपादक भेटला, म्हणून १८२६ मध्ये नियम सापडला. आपल्या वर्गात तो प्रश्न विचारायचं काम आपलं आहे.